न पिण्याची सोबत

१९३८ साली दर सोमवारी सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावाकडे येणाऱ्या पायवाटा माणसांनी भरून जात. आदिवासी कुटुंबं आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, मुलाबाळांसह चालत यायची. भिल्ल समाजातले गुलाम महाराज तिथे आरती घेत. आरतीला येणाऱ्याने दारू सोडायची, मांस सोडायचं, रोज आंघोळ करायची, चोरीमारी आणि भांडणतंटा टाकायचा, अशी त्यांची शिकवण होती. भेटल्यावर एकमेकांना ‘आप की जय’ म्हणायचं. सावकार, ठेकेदार आणि जमादार ज्यांना अरेतुरेशिवाय हाक मारत नसत, ती माणसं एकमेकांना मानाने बोलावू लागली.

तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात होता आणि जिल्ह्याचं ठिकाण धुळे होतं. मोहाची दारू आदिवासींच्या सणात, देवकार्यात, लग्नात पिढ्यान्‌पिढ्या होतीच. पण १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची दारू गाळणं गुन्हा ठरवलं आणि ठेकेदाराच्या दुकानातली विकत घेणं भाग पाडलं. पिणं उधारीवर आलं, उधारीपायी मजुरी गहाण पडली, जमिनी गेल्या. त्या पार्श्वभूमीवर हजारो माणसं दर आठवड्याला एकत्र जमून दारूकडे पाठ फिरवत होती. गुलाम महाराज त्याच वर्षी, १९३८ मध्ये वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं, आणि ‘आप की जय’ परिवार सातपुड्याच्या गावांमध्ये आजही आहे.

मोरवडच्या या चळवळीकडे बहुधा धर्मसुधारणा किंवा आदिवासी जागृती म्हणून पाहिलं जातं. ती तशी होतीच. पण व्यसनाच्या अंगाने पाहिलं तर तिच्यात तीन गोष्टी ठळक दिसतात. ठरलेला वार, सोबत न पिणारी माणसं आणि रोज पाळायचा नेम. आज जगभर दारूमुक्तीची जी पद्धत सर्वाधिक रुजलेली आहे, ती याच तीन गोष्टींवर उभी आहे.

सोडणारे पुष्कळ, टिकणारे थोडे

खानदेशातल्या कुठल्याही गावात दारू सोडलेली माणसं भेटतात. कुणी श्रावणात सोडतो, कुणी नवरात्रात. कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, कुणी कावीळ झाल्यावर डॉक्टरांच्या धाकाने थांबतो. मग कापसाचे पैसे हातात येतात, भाऊबंदाच्या घरी लग्न निघतं, थंडीत शेतावर भरीत-भाकरीचा बेत ठरतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘आजच्या दिवस घे, एका घोटाने काय होतं?’ त्या एका घोटाने काय होतं, ते घरच्यांना पाठ असतं.

या प्रश्नाचा आवाका मोठा आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाखांचं पिणं घातक किंवा व्यसनाच्या पातळीवर गेलेलं आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतात, असंही त्यात नोंदलं आहे. उरलेल्या ३७ घरांमध्ये हा आजार मारहाण, कर्ज आणि अबोला या रूपांत राहतो. त्याला आजार म्हणून कुणी ओळखतच नाही.

दारूचं व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केलं आहे. वर्षानुवर्षं दारू मिळत राहिली की मेंदू तिच्या हिशेबाने आपलं कामकाज बदलून घेतो. पूर्वी एका ग्लासात मिळणारी धुंदी तीन ग्लासांत मिळेनाशी होते. अचानक बंद केली की मेंदूवरचा दाब एकदम सुटतो. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भास होतात, वेळकाळाचं भान सुटतं, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

म्हणून रोज आणि भरपूर पिणाऱ्याने घरातल्या घरात, खोलीला कडी लावून दारू बंद करणं धोक्याचं आहे. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन मनोविकार विभागात दाखवणं, ही पहिली पायरी. फिट रोखणाऱ्या गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाइन यांनी हा टप्पा सुरक्षितपणे पार पडतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती सर्रास दिसतात, आणि वैतागलेली बायको किंवा आई ती पूड भाजीत कालवते. दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम हे खरंखुरं औषध आहे. पण ते रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाला धक्का बसू शकतो. चोरून औषध दिल्याने माणूस दारूमुक्त होण्याऐवजी दगावण्याची भीती असते, आणि एकदा हे उघड झालं की घरातला उरलासुरला विश्वासही संपतो.

दवाखान्यातून माणूस आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो. शरीरातली दारू उतरलेली असते. खरं काम त्या दिवशी सुरू होतं.

अक्रन गावातली भेट

मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातला दलाल ओहायो राज्यातल्या अक्रन गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. दारूपायी त्याचं सगळं बुडालं होतं आणि कसाबसा पाच महिने तो कोरडा राहिला होता. अक्रनमधला सौदा फिसकटला. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता, खिशात फारसे पैसे नव्हते आणि बारमधून माणसांचे आवाज येत होते. त्या क्षणी त्याला एक गोष्ट उमगली. आपल्याला वाचायचं असेल तर आपल्यासारख्याच दुसऱ्या दारुड्याशी बोलायला हवं. त्याने चर्चच्या पाद्रींना फोन लावायला सुरुवात केली. त्या धाग्याने तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचला.

डॉ. बॉब पंधरा मिनिटांच्या अटीवर भेटायला तयार झाले होते. डॉक्टर, नातेवाईक, धर्मगुरू यांचे उपदेश त्यांनी पुष्कळ ऐकले होते. पण समोर बसलेला माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःची कहाणी सांगत होता. पंधरा मिनिटांची भेट पाच-सहा तास चालली. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला. तोच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो. पुढे १९३९ मध्ये ए.ए.चा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम पुस्तकरूपात आला. भारतात ए.ए.ची सुरुवात १९५७ मध्ये झाली.

शल्यचिकित्सकाला दारूचे दुष्परिणाम कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरी त्याला ज्ञानाने वाचवलं नाही, समदुःखी माणसाने वाचवलं. आणि बिल विल्सनही त्या भेटीमुळेच त्या दिवशी न पिता राहिला. दुसऱ्याला सावरताना आपण सावरतो, हा ए.ए.चा पाया त्या एका संध्याकाळी घातला गेला.

मीटिंगमध्ये काय चालतं

ए.ए.ची मीटिंग कुठल्याही साध्या जागेत भरते. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्याची खोली. पंधरा-वीस खुर्च्या, एक टेबल, त्यावर पुस्तिका, कोपऱ्यात चहा. सुरुवातीला सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात. मग एकेक जण बोलतो. आधी फक्त पहिलं नाव आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ एवढी ओळख. आडनाव, जात, नोकरी, हुद्दा यांपैकी काही विचारलं जात नाही. खानदेशसारख्या भागात, जिथे आडनाव सांगितलं की गाव, भावकी आणि सोयरीक समोरच्याला कळते, तिथे या निनावीपणाचं मोल फार मोठं आहे.

बोलणाऱ्याला कुणी मध्ये तोडत नाही. सल्ला देत नाही. तो मुलाच्या फीचे पैसे प्यायल्याचं सांगतो, बायकोची पोत मोडल्याचं सांगतो, कामावर पिऊन गेल्याचं सांगतो. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर धक्का दिसत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांनी तेच केलेलं असतं. घरी जे बोललं की भांडण होतं आणि बाहेर जे बोललं की बदनामी होते, ते बोलायला या तासा-दीड तासात जागा मिळते.

फी नाही. शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं टाकायचं. बाहेरच्या माणसांकडून, सरकारकडून किंवा पुढाऱ्याकडून देणगी घ्यायची नाही, असा नियम आहे. राजकारणावर मत द्यायचं नाही, हाही नियम. यामुळेच इतक्या वर्षांत ए.ए. कुणा एका नेत्याच्या ताब्यात गेली नाही.

नव्याने आलेल्याला जुना सदस्य ‘स्पॉन्सर’ म्हणून मिळतो. तलफ आली की त्याला फोन करायचा, रात्री बारा वाजता असेल तरी. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर, असं सुचवलं जातं. जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. फक्त आजचा दिवस पहिला घोट घ्यायचा नाही, एवढंच ठरवायचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जोखमीच्या, हे शिकवलं जातं. वर्ष पूर्ण झालं की तो दारूमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीचा माणूस ‘मी आज तीन वर्षांचा झालो’ असं सांगतो तेव्हा टाळ्या वाजतात आणि मागे बसलेल्या त्याच्या बायकोचे डोळे भरून येतात.

बारा पायऱ्यांचा आशय थोडक्यात असा. दारूपुढे आपली इच्छाशक्ती हरली आहे, हे आधी कबूल करायचं. आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार घ्यायचा, आणि ती शक्ती प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे मानायची. स्वतःच्या दोषांचा लेखाजोखा मांडायचा आणि तो एका माणसाला मोकळेपणाने सांगायचा. ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची आणि भरपाई करायची. किराणा दुकानदाराची थकलेली उधारी, भावाशी तुटलेलं बोलणं, पोरीच्या लग्नात घातलेला धिंगाणा, सगळं त्या यादीत येतं. रोज रात्री दिवसाचा हिशेब, रोज प्रार्थना किंवा ध्यान, आणि शेवटी दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत हा निरोप पोहोचवणं.

देव न मानणाऱ्यालाही यात जागा आहे. अनेक नास्तिक सदस्य समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात.

आकडे काय सांगतात

असल्या गटांवर वर्षानुवर्षं शंका घेतली गेली. निनावी माणसांचा अभ्यास करायचा तरी कसा? २०२० मध्ये ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने जॉन केली, कीथ हम्फ्रीज आणि मारिका फेरी यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. ठरावीक पद्धतीने ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षअखेर पूर्ण दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के निघालं. मानसोपचाराच्या इतर पद्धतींत ते ३५ टक्के होतं. फरक डोळे दिपवणारा नाही. पण ज्या उपायाला पैसे पडत नाहीत आणि जो दवाखान्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहतो, त्याचा परिणाम शिकलेल्या तज्ज्ञांच्या उपचारांच्या तोडीचा किंवा थोडा सरस निघावा, ही लहान गोष्ट नव्हे.

गोव्यातला एक प्रयोगही या चर्चेत महत्त्वाचा आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये घातक पातळीवर दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. मोजकं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्या गटात ३६ टक्के पुरुषांचं पिणं घातक पातळीच्या खाली आलं होतं. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होतं. ज्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही, तिथेही काही करता येतं, याचा हा पुरावा आहे.

मराठी मातीतली रोपं

ए.ए.ची पद्धत महाराष्ट्रात आली आणि इथल्या माणसांनी तिला आपलं रूप दिलं. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईच्या वांद्र्यात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी बारा पायऱ्यांना योगासनं आणि प्राणायाम यांची जोड दिली. शरीर स्थिर झालं की मन टिकतं, हा त्यांचा अनुभव.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले होते. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या या केंद्रात उपचार घेऊन बरी झालेली माणसंच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. नवा रुग्ण दारातून आत येतो तेव्हा त्याच्यासमोर कधीकाळी त्याच अवस्थेत आलेला माणूस बसलेला असतो. पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ गट आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अंधश्रद्धेशी आयुष्यभर लढलेल्या माणसानेही व्यसनमुक्तीचं काम हातात घेतलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. अंगारे-धुपारे करून, नवस बोलून, मंतरलेलं पाणी पाजून दारू सोडवणारे बुवा खानदेशातही आहेत. त्यांच्याकडे आणि भजनी मंडळाकडे एकाच नजरेने पाहता येणार नाही. बुवा पैसे घेऊन एका फटक्यात चमत्काराचं आश्वासन देतो. भजनी मंडळ माणसाला रोज येऊन बसायला सांगतं.

आणि रोज येऊन बसण्याची परंपरा खानदेशात भक्कम आहे. कोथळी-मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताईंची पालखी महिनाभर चालून पंढरपूरला पोहोचते. अमळनेरला सखाराम महाराजांचं संस्थान आहे. जळगाव-धुळ्याच्या गावागावांत सप्ताह बसतात, पहाटे काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ होतो. तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य. माळकऱ्याला पंगतीत, लग्नात, शेतावरच्या बेतात कुणी आग्रह करत नाही. ‘तो माळकरी आहे’ एवढं वाक्य पुरतं. नव्याने दारू सोडलेल्या माणसाला याहून मोठं संरक्षण गाव देऊ शकत नाही. हरिपाठाची वेळही पाहावी. दिवे लागणीची ही वेळ म्हणजेच गुत्त्याकडे पाय वळण्याची वेळ. त्या तासाला हातात टाळ असला तर दिवस निभावतो.

बौद्ध वस्त्यांमध्ये हाच आधार पंचशीलातून येतो. मादक पदार्थांपासून दूर राहणं हे पाचवं शील. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. धुळ्याजवळ ‘धम्म सरोवर’ हे विपश्यना केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरातही पाच शीलं पाळूनच साधना करायची असते. अमेरिकेत सिएटलच्या तुरुंगात विपश्यना केलेल्या कैद्यांचं सुटकेनंतरचं दारू आणि अमली पदार्थांचं सेवन कमी झाल्याचं २००६ मधल्या एका अभ्यासात आढळलं. मात्र नुकतीच दारू थांबवलेल्या, हात थरथरणाऱ्या माणसाने थेट शिबिर गाठू नये. आधी दवाखाना, मग साधना, हा क्रम मोडू नये.

एका जागी मात्र आपल्या परंपरेने ए.ए.कडून शिकायला हवं. माळ घातलेला माणूस एखाद्या लग्नात घसरला की शरमेने माळ उतरवून ठेवतो. मग मंदिरासमोरून जाणंही टाळतो. गावही बोलतं, ‘माळ घालून प्यायला.’ ज्या दिवशी त्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दिवसापासून तो एकटा पडतो. ए.ए.मध्ये घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसतो आणि सांगतो, ‘काल मी प्यायलो. आज पुन्हा पहिला दिवस.’ कुणी हसत नाही. डॉक्टरांच्या भाषेत व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे आणि घसरण हा त्याचा भाग आहे. ज्या भजनी मंडळाचे विणेकरी किंवा टाळकरी घसरलेल्याच्या घरी जाऊन ‘चला, हरिपाठाला उशीर होतोय’ एवढंच म्हणतील, ते मंडळ एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राइतकं काम करेल.

घरातल्यांचं दुखणं

१९७२ च्या सुमारास शहादा तालुक्यात श्रमिक संघटनेचं काम उभं राहिलं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. या लढ्याचे आदिवासी नेते अंबरसिंग महाराज स्वतः भजनी परंपरेतले. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण बायका एकत्र बसून बोलू लागल्या तेव्हा नवऱ्याची दारू आणि मार हा विषय वर आला. मग बायकांचे जथे गावोगाव फिरले, गुत्त्यांत शिरून त्यांनी दारूची मडकी फोडली. एखाद्या बाईला नवऱ्याने मारल्याचं कळलं की बाकीच्या जमायच्या आणि त्याला चारचौघांत तिची माफी मागायला लावायच्या. मोरवडच्या आरतीत पुरुषाला सोबत मिळाली होती, शहाद्यात ती बाईला मिळाली.

आज कायद्याने बायकांच्या हातात ‘आडवी बाटली’ आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला की परवान्याचं दुकान बंद करावं लागतं. त्याने पिण्याची सोय दूर जाते, तरुण पोरं वाचतात. पण ज्याला व्यसन जडलं आहे तो शेजारच्या गावाला जातो किंवा हातभट्टी शोधतो. खानदेशाच्या एका बाजूला दारूबंदी असलेला गुजरात आहे, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. वाटा पुष्कळ आहेत. दुकान बंद करणारं गाव जर त्याच महिन्यात पिणाऱ्यांसाठी उपचाराची आणि गटाची सोय करेल, तर बंदीचा लाभ टिकेल.

पिणाऱ्याच्या घरच्यांनाही गट लागतो. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने पुढाकार घेऊन १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ सुरू केलं. त्याचा पहिला धडा असा, की त्याचं पिणं तुझ्यामुळे सुरू झालेलं नाही, ते तुझ्या ताब्यात नाही आणि ते बरं करणं तुझ्या एकटीच्या हातात नाही. ‘बायको धड असती तर प्यायला असता का?’ हे वाक्य सासरमाहेरात ऐकत आलेल्या बाईला हा धडा जगायचं बळ देतो. बाटल्या हुंगणं, खिसे तपासणं, साहेबाला खोटा निरोप देणं, गुत्त्याची उधारी भागवणं हे तिने थांबवलं की पिणाऱ्यालाही आपल्या पिण्याची किंमत कळू लागते.

पुढचं पाऊल

खानदेशाकडे यासाठी लागणारं बरंच काही आधीपासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकार विभाग असलेली शासकीय रुग्णालयं आहेत, गावोगाव हरिपाठ आणि विहारातली वंदना आहे, बचत गटांतून दर आठवड्याला एकत्र बसायला शिकलेल्या बायका आहेत. हे सगळं एकमेकांपासून सुटं आहे. दवाखान्यातून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कागदावर औषधांसोबत जवळच्या मीटिंगचा वार आणि वेळ लिहिलेली असावी. ग्रामपंचायतीने शाळेचा एक वर्ग आठवड्यातून एक संध्याकाळ गटासाठी उघडा ठेवावा. कीर्तनकारांनी दारूच्या नाशावर बोलताना घसरून परत आलेल्याचंही कौतुक करावं. लग्नात, पोळ्याला, होळीला ज्याने सोडली आहे त्याला कुणी आग्रह करू नये.

घरात पिणारं माणूस असेल तर आजच तीन गोष्टी करता येतील. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे आणि १४४१६ हा ‘टेली-मानस’चा, त्यांपैकी एकावर बोलावं. रोज पिणारा असेल तर दारू थांबवण्याआधी त्याला जिल्हा रुग्णालयात दाखवावं. आणि तो शुद्धीवर असताना, सकाळी, शांतपणे एवढंच विचारावं, ‘एकदा मीटिंगला जाऊन बसशील का? मी दारापर्यंत सोबत येते.’ तो पहिल्यांदा नाही म्हणेल. पुन्हा विचारावं.